स्पेसमधली ग्रॅव्हिटी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रॅव्हिटीवर कुठेही चार वाक्यं बोललं की मागोमाग हेच प्रश्न येतात, फक्त शब्द बदलून. दर वेळी नव्याने टाइप करायचा कंटाळा आला म्हणून एकदाच सगळे गोळा करून टाकतोय. सोपे वर आहेत, डोकं खाणारे खाली. एखाद्याचं उत्तर दुसरीकडे येऊन गेलं असेल तर तिथला नंबर दिलाय, तिकडे बघा. गणित जवळपास नाही पण आकडे आहेत, कारण आकड्यांशिवाय या विषयावर बोलणं म्हणजे नुसती हवा.

१. स्पेसमध्ये ग्रॅव्हिटी नसते असं शाळेपासून ऐकतोय. खरंय का?

अजिबात नाही. स्पेस स्टेशन जमिनीपासून साधारण ४०० किमी वर फिरतं आणि तिथे पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या जवळपास ९० टक्के शिल्लक असते. समजा तेवढ्या उंचीचा टॉवर बांधला आणि वर जाऊन वजनकाट्यावर उभे राहिलात, तर ७० किलोचा माणूस ६२ किलोच्या आसपास भरेल, तरंगणार वगैरे काही नाही. आणि ओढ नसतीच तर स्टेशन पृथ्वीभोवती वळलंच नसतं, सरळ रेषेत निघून गेलं असतं.

२. मग अंतराळवीर तरंगतात कसे?

ते पडतायत. स्टेशन पडतंय, आतला माणूस पडतोय, त्याच्या हातातून सुटलेला पेन पण पडतोय, आणि सगळे एकाच त्वरणाने पडतायत म्हणून एकमेकांच्या तुलनेत जागचे हलत नाहीत, बघणाऱ्याला वाटतं तरंगतायत. आपल्याला जे "वजन" जाणवतं ना ते खरं तर ग्रॅव्हिटी नसते, पायाखालची जमीन आपल्याला वर ढकलत असते ते जाणवतं. जमीनच तुमच्याबरोबर खाली निघाली तर ढकलणार कोण? दोर तुटलेल्या लिफ्टमध्ये तळाला आपटेपर्यंत तुम्हीही अंतराळवीरच असता. स्टेशन आपटत का नाही ते पुढच्या प्रश्नात.

३. चंद्र पृथ्वीकडे ओढला जातोय तर मग पडत का नाही?

पडतोच आहे, पण चुकतोय. चंद्र दर सेकंदाला साधारण १ किमी आडवा सरकतो आणि त्याच सेकंदात पृथ्वीच्या दिशेने जेमतेम १.४ मिलिमीटर पडतो. हे १.४ मिमी म्हणजेच त्याच्या सरळ रस्त्याला आलेला बाक, आणि असा बाक दर सेकंदाला येत राहिला की २७ दिवसांत गोल पूर्ण. आडवा वेग काढून घेतला तर चंद्र खरंच सरळ खाली येईल, साधारण ५ दिवस लागतील.

हा आकडा न्यूटनने वापरला होता बरं का. जमिनीजवळ सोडलेली वस्तू पहिल्या सेकंदात ४.९ मीटर पडते. चंद्र पृथ्वीच्या केंद्रापासून आपल्यापेक्षा ६० पट लांब आहे. ओढ अंतराच्या वर्गाने कमी होत असेल तर ती ६० गुणिले ६० म्हणजे ३६०० पट कमी हवी, आणि ४.९ मीटरला ३६०० ने भागा, १.४ मिमीच येतात. झाडावरून पडणारं फळ आणि आकाशातला चंद्र एकच काम करतायत हे या एका भागाकारात दिसतं, मला तरी आजही हे वाचून भारी वाटतं.

४. पृथ्वी चंद्राला ओढते, मग चंद्र पृथ्वीला किती जोरात ओढतो?

तेवढ्याच. अगदी तेवढ्याच. कोण मोठा कोण लहान याने काही फरक पडत नाही, ओढ दोघांची मिळून एकच असते. फरक परिणामात पडतो, चंद्राचं वस्तुमान पृथ्वीच्या ८१ व्या भागाएवढं आहे म्हणून त्याच ओढीने तो ८१ पट जास्त हलतो. त्यामुळे "चंद्र पृथ्वीभोवती फिरतो" हे सुद्धा अर्धवटच, दोघंही एका सामाईक वस्तुमानकेंद्राभोवती फिरतात. ते केंद्र पृथ्वीच्या मध्यापासून साधारण ४,६७० किमीवर म्हणजे पृथ्वीच्या पोटातच आहे. गुरू आणि सूर्याचं मात्र सूर्याच्या पृष्ठभागाच्या थोडं बाहेर पडतं, आणि प्लूटो आणि त्याचा मोठा उपग्रह कॅरन यांचं तर दोघांच्या मधल्या मोकळ्या जागेत, तिथे कोण कुणाचा उपग्रह हा वाद घालायला लोक मोकळे.

५. जड वस्तूवर ओढ जास्त असते, मग ती आधी पडायला हवी ना?

ओढ जास्त, पण हलवायला लागणारा जोर पण तेवढाच जास्त, दोन्ही कटतात. १९७१ मध्ये अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉटने चंद्रावर उभं राहून हातोडा आणि पीस एकदम सोडलं होतं, दोन्ही बरोबर खाली. पृथ्वीवर पीस मागे राहतं ते हवेमुळे.

कीस काढायचाच असेल तर ४ नुसार पडणारी वस्तू पण पृथ्वीला वर ओढते, त्यामुळे जास्त वस्तुमानाची वस्तू कणभर आधी "भेटते". हातोड्यासाठी हा कणभर इतका बारीक आहे की मोजायचा विचारही करू नका. चंद्राएवढी वस्तू सोडली तर मात्र धरावा लागेल.

६. ग्रॅव्हिटी किती किलोमीटरपर्यंत पोचते? कुठेतरी संपत असेल ना?

संपत नाही. अंतर दुप्पट झालं की ओढ चौथाई, दहापट झालं की शंभरावा भाग, कमी कमी होत जाते पण शून्याचा बोर्ड कुठेच लागत नाही. लोक जी "हद्द" म्हणतात ती वेगळी गोष्ट आहे, तिथपर्यंत एखादा ग्रह आपला उपग्रह सूर्याच्या हातून सांभाळून ठेवू शकतो. पृथ्वीसाठी ती साधारण १५ लाख किमी. चंद्र ३ लाख ८४ हजार किमीवर आहे, आरामात आत.

तसंच ११.२ किमी प्रति सेकंद हा मुक्तिवेग. तेवढ्या वेगाने निघालेलं यान पृथ्वीच्या ओढीतून "बाहेर" पडत नाही, ओढ त्याला मागे खेचतच राहते पण अंतर वाढेल तशी इतक्या पटापट लंगडी होते की थांबवू शकत नाही.

७. सूर्य चंद्राला पृथ्वीपेक्षा जास्त जोरात ओढतो असं वाचलं. मग पळवून का नेत नाही?

खरं वाचलंत, आणि हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न. पृथ्वीच्या ओढीने चंद्राला मिळतं ते त्वरण साधारण २.७ मिमी प्रति सेकंद वर्ग, आणि सूर्यामुळे मिळतं ते ५.९. दुपटीहून जास्त.

पण गंमत अशी की सूर्य पृथ्वीलाही तेच ५.९ देतोय. दोघंही सूर्याकडे एकत्रच पडतायत, अगदी २ मधल्या अंतराळवीर आणि पेनासारखे. चंद्राला पृथ्वीपासून वेगळं करायचं तर सूर्याच्या या दोन ओढींमधला फरक कामाला येतो, आणि तो फरक चंद्र सूर्याच्या जवळच्या बाजूला असताना फार तर ०.०३. कुठे २.७ आणि कुठे ०.०३, जवळपास नव्वदावा भाग. एवढ्यावर कोण कुणाला पळवतंय.

हा "फरक" शब्द लक्षात ठेवा, खालचे तीन-चार प्रश्न त्याच्यावरच उभे आहेत. आणि हो, सूर्याकडून बघितलं तर चंद्राचा रस्ता कुठेच उलटा वाकत नाही, तो गाठी मारत फिरत नाही, सूर्याभोवतीच फिरतो आणि पृथ्वीमुळे थोडा डुलतो इतकंच.

८. भरती चंद्राच्या बाजूला येते ते समजलं, पण विरुद्ध बाजूला पण का येते?

कारण भरती ओढीमुळे येत नाही, ओढीतल्या फरकामुळे येते (७ बघा). चंद्राकडच्या बाजूचं पाणी पृथ्वीच्या केंद्रापेक्षा जास्त ओढलं जातं, आणि पलीकडचं पाणी केंद्रापेक्षा कमी. केंद्राच्या तुलनेत एक पुढे सरकलं, एक मागे राहिलं, झाले दोन फुगवटे. पृथ्वी स्वतःभोवती फिरताना दोन्हींखालून जाते म्हणून बहुतेक किनाऱ्यांवर दिवसाला दोन भरत्या. समुद्राचा आकार आणि किनारा यामुळे प्रत्यक्षातलं वेळापत्रक बरंच बिघडतं, ते सोडा.

सूर्य पृथ्वीला चंद्राच्या जवळपास १८० पट जोरात ओढतो, तरी त्याची भरती चंद्राच्या निम्म्याहून थोडी कमीच. कारण ओढ अंतराच्या वर्गाने कमी होते पण ओढीतला फरक घनाने, म्हणून लांबचा सूर्य इथे मार खातो. अमावस्या-पौर्णिमेला दोघं एका रेषेत येतात तेव्हा उधाणाची भरती.

९. चंद्र दर वर्षी लांब जातोय म्हणे. ग्रॅव्हिटी तर ओढते ना?

जातोय, वर्षाला ३.८ सेमी. अपोलोच्या लोकांनी तिथे आरसे ठेवलेत, त्यांच्यावर लेसर मारून परत यायला किती वेळ लागतो त्यावरून हे मोजतात. कारण ८ मधला फुगवटाच. पृथ्वी चंद्रापेक्षा भराभर फिरते त्यामुळे फुगवटा चंद्राच्या थोडा पुढे जातो, आणि हा पुढे गेलेला फुगवटा चंद्राला कक्षेत पुढच्या दिशेने थोडं खेचतो. पुढे खेचलं की कक्षा मोठी होते. बदल्यात पृथ्वीचं फिरणं मंदावतं, दिवस शतकाला साधारण २ मिलिसेकंदांनी लांबतो.

मंगळाचा चंद्र फोबोस, त्याचं उलटं. तो मंगळ स्वतःभोवती फिरतो त्यापेक्षा भराभर त्याच्याभोवती फिरतो, ७ तास ३९ मिनिटांत एक चक्कर, त्यामुळे फुगवटा मागे राहतो, त्याला मागे खेचतो आणि तो शंभर वर्षांत २ मीटरच्या आसपास खाली येतोय.

१०. नुसत्या ग्रॅव्हिटीने एखादी वस्तू फाटू शकते का?

फाटते. शूमेकर-लेव्ही ९ हा धूमकेतू १९९२ मध्ये गुरूच्या फार जवळून गेला, त्याच्या जवळच्या आणि लांबच्या टोकावरच्या ओढीतला फरक (पुन्हा ७) इतका झाला की त्याचे वीसेक तुकडे झाले, आणि जुलै १९९४ मध्ये ते एकामागोमाग गुरूवर आदळले. ग्रहापासून ज्या अंतराच्या आत असं होतं त्याला रोश मर्यादा म्हणतात. फोबोसचं पण पुढच्या काही कोटी वर्षांत हेच होणार, नाहीतर तो सरळ आपटणार.

यावर लगेच येणारा उपप्रश्न: स्पेस स्टेशन त्या मर्यादेच्या आत आहे, मग ते का फाटत नाही? कारण ते बोल्ट-वेल्डिंगने जोडलंय. ही मर्यादा फक्त स्वतःच्याच ग्रॅव्हिटीने एकत्र राहिलेल्या ढिगाऱ्यांना लागू.

११. एल-१ पॉइंटला सूर्य आणि पृथ्वीची ओढ सारखी होऊन कॅन्सल होते ना? आदित्य तिथेच आहे ना?

इस्रोचं सूर्य बघणारं यान आदित्य-एल१ तिथेच आहे (६ जानेवारी २०२४ ला पोचलं), पण कॅन्सल होण्याची गोष्ट चुकीची आणि चांगल्या चांगल्या ठिकाणी छापून येते. दोन्ही ओढी सारख्या होतात ती जागा पृथ्वीपासून फक्त २ लाख ६० हजार किमीवर आहे, चंद्राच्याही अलीकडे. एल-१ ही जागा आहे पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने १५ लाख किमीवर. तिथे सूर्याची ओढ कितीतरी जास्त असते.

होतं काय की सूर्याच्या जवळ असणारी वस्तू नियमाने वर्षापेक्षा कमी वेळात चक्कर मारते, म्हणजे पृथ्वीच्या पुढे निघून जायला हवी. पण मागून पृथ्वी ओढतेय, त्यामुळे सूर्याची ओढ जरा हलकी पडते, आणि १५ लाख किमीवर ती बरोब्बर इतकी हलकी होते की चक्कर एका वर्षाची होते. म्हणून वस्तू कायम पृथ्वी आणि सूर्याच्या मध्ये राहते. थांबलेली नाही, पृथ्वीबरोबर पळतेय.

शिवाय ही जागा डोंगराच्या शेंड्यासारखी आहे, जरा सरकलात की घसरलात, म्हणून यान नेमकं तिथे न ठेवता तिच्याभोवती मोठ्या वळशात ठेवतात आणि अधूनमधून थोडं इंधन जाळून सांभाळतात. एल-४ आणि एल-५ (ग्रहाच्याच कक्षेत त्याच्या ६० अंश पुढे आणि मागे असलेल्या अशाच जागा) मात्र टिकाऊ, गुरूच्या त्या दोन जागांवर हजारो लघुग्रह बिनइंधनाचे बसलेत.

१२. यान ग्रहाजवळून जाऊन स्पीड कसा वाढवतं? येताना जेवढा मिळाला तेवढा जाताना जायला हवा.

शंका एकदम बरोबर, आणि ग्रहावर बसून बघितलंत तर तसंच दिसतं, ज्या वेगाने आलं त्याच वेगाने गेलं, फक्त दिशा बदलली. पण ग्रह स्वतः पळतोय ना. गुरू सूर्याभोवती सेकंदाला १३ किमीने जातो. गुरूच्या मागच्या बाजूने गेलेलं यान त्याच्या पळण्याच्या दिशेकडे वळलं की सूर्याच्या हिशोबात त्याचा वेग वाढलेला असतो. फुकट काही नाही, तेवढी ऊर्जा गुरूची कमी झाली, पण गुरूला ते कळतही नाही.

व्हॉयेजर २ ने १९७७ ला निघून गुरू (१९७९), शनी (१९८१), युरेनस (१९८६) असं करत १९८९ ला नेपच्यून गाठला तो याच युक्तीवर. उलटंही करता येतं, ग्रहाच्या पुढून गेलं की वेग कमी. पार्कर यानाने सूर्याजवळ जाण्यासाठी शुक्राजवळून ७ वेळा जाऊन असा वेग उतरवला.

१३. पुढच्या यानाला गाठायचं असेल तर इंजिन सुरू करून त्याच्याकडे जायचं, बरोबर?

चूक, आणि हे चुकून बघितलेलं पण आहे. जून १९६५ मध्ये अमेरिकेच्या जेमिनी ४ यानातल्या जेम्स मॅकडिव्हिटने आपल्याच रॉकेटच्या टाकून दिलेल्या भागाजवळ जायचा प्रयत्न केला, त्याच्याकडे तोंड करून जोर लावला, आणि ते जवळ यायच्या ऐवजी लांब गेलं. शेवटी इंधन वाचवायला नाद सोडला. कारण पुढे जोर लावला की कक्षा उंचावते, आणि उंच कक्षेत चक्करला वेळ जास्त लागतो, त्यामुळे तुम्ही मागे पडता. पुढच्याला गाठायचं तर आधी ब्रेक मारून खाली उतरायचं, खालच्या कक्षेत भराभर जायचं आणि मग वर यायचं. गाडी चालवायची सगळी सवय इथे उपयोगाची नाही.

१४. ब्लॅक होल आजूबाजूचं सगळं शोषून घेतं ना?

व्हॅक्यूम क्लीनर नाहीये तो. सूर्याच्या जागी तेवढ्याच वस्तुमानाचा ब्लॅक होल ठेवला तर अंधार आणि थंडी होईल पण पृथ्वीची कक्षा तशीच राहील, कारण लांबून फक्त वस्तुमान मोजलं जातं, आकार नाही. आपल्या दीर्घिकेच्या मध्यावर ४० लाखांहून जास्त सूर्यांएवढा ब्लॅक होल आहे आणि एस-२ नावाचा तारा त्याच्याभोवती १६ वर्षांत एक चक्कर मारतोय, व्यवस्थित.

अपवाद अगदी जवळचा. सूर्याएवढ्या ब्लॅक होलची त्रिज्या ३ किमी येते, आणि तो स्वतःभोवती फिरत नसेल तर ९ किमीच्या आत टिकाऊ गोल कक्षाच उरत नाही. तिथे न्यूटनचा हिशोब चालत नाही, १५ बघा.

१५. म्हणजे न्यूटन चुकला आणि आइन्स्टाइन बरोबर?

यान पाठवायचं असेल तर आजही बहुतेक काम न्यूटनवरच होतं. कहाणी मजेशीर आहे. युरेनसची चाल हिशोबाला जुळेना तेव्हा ले व्हेरिए या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने गणित मांडून सांगितलं की पलीकडे अजून एक ग्रह असणार, आणि १८४६ मध्ये त्याने सांगितलेल्या जागेजवळच नेपच्यून सापडला. मग बुधाची कक्षा पण थोडी जास्त वळते असं दिसलं, शंभर वर्षांत ४३ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग), म्हणून त्याने तीच युक्ती पुन्हा केली, आत अजून एक ग्रह असणार, नाव पण ठरलं, व्हल्कन. तो कधीच सापडला नाही, कारण नव्हताच. १९१५ मध्ये आइन्स्टाइनने ग्रॅव्हिटी म्हणजे स्थळकाळाचं वाकणं असं मांडलं आणि ते ४३ आपोआप आले.

ताणलेल्या चादरीवर गोळा ठेवून दाखवतात तो डेमो मला फारसा पटत नाही. चादर खाली झुकते ती खालच्या पृथ्वीच्या ग्रॅव्हिटीमुळेच, म्हणजे ग्रॅव्हिटी समजवायला ग्रॅव्हिटीच वापरली. शिवाय वाकणं फक्त जागेचं नाही, वेळेचं पण असतं, जीपीएस उपग्रहांची घड्याळं जमिनीवरच्यांपेक्षा दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात ते त्यामुळेच (वेगाचा परिणाम वजा करून).

१६. सूर्य अचानक गायब झाला तर पृथ्वी लगेच सुटेल का?

ग्रॅव्हिटीतला बदल प्रकाशाच्या वेगाने पोचतो, म्हणजे ८ मिनिटं २० सेकंद आपण आरामात गोल फिरत राहू. हे नुसतं कागदावर नाही. १७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीच्या गुरुत्वीय लहरी (ग्रॅव्हिटीतल्या बदलाच्या लाटा) आल्या आणि १.७ सेकंदांनी गॅमा किरण, साधारण १३ कोटी प्रकाशवर्षं प्रवास करून दोघांत फरक फक्त एवढाच.

आता खाच. यावरून लोक विचारतात, मग पृथ्वी ८ मिनिटांपूर्वीच्या सूर्याच्या जागेकडे ओढली जाते का? नाही. सूर्य एकसारखा चालत असेल तर त्याच्या गतीचा हिशोब पण ओढीत असतो, आणि दिशा जवळपास आत्ताच्या जागेकडेच येते. उशीर होतो तो बदलाच्या बातमीला.

१७. ब्रह्मांड प्रसरण पावतंय तर सूर्यमाला पण मोठी होतेय का?

नाही. जिथे ओढीने गोष्टी एकमेकांना बांधल्यात तिथे प्रसरण चालत नाही. ॲन्ड्रोमेडा दीर्घिका २५ लाख प्रकाशवर्षं लांब आहे, तरी लांब जायच्या ऐवजी सेकंदाला साधारण ११० किमीने आपल्याकडे येतेय. चंद्र लांब जातोय त्याचा याच्याशी संबंध नाही, तो प्रश्न ९.

१८. दोन अंतराळवीर एकमेकांच्या ग्रॅव्हिटीने चिकटतील का?

सगळ्यांपासून खूप लांब, अगदी रिकाम्या जागेत, ७० किलोचे दोघं १ मीटर अंतरावर एकदम स्थिर सोडले तर हो. साधारण ३ तास लागतील. पण अट कडक आहे, सुरुवातीला सेकंदाला ०.१४ मिमीपेक्षा जास्त वेगाने एकमेकांपासून सरकत असतील तर कायमचे गेले, म्हणजे नुसता श्वास सोडला तरी प्रयोग संपला.

स्पेस स्टेशनमध्ये हे जमणारच नाही, तिथे दोघांवरच्या पृथ्वीच्या ओढीतला फरक (७ वालाच) त्यांच्या आपसातल्या ओढीच्या शेकडो पट असतो. लहान वस्तूंची जोडी मात्र खरी असते. डिडिमॉस हा साधारण ७८० मीटरचा लघुग्रह, त्याच्याभोवती १६० मीटरचा डायमॉर्फस फिरतो, सेकंदाला जेमतेम १७ सेमीने, आपण चालतो त्याहून हळू. सप्टेंबर २०२२ मध्ये नासाचं डार्ट यान मुद्दाम त्याच्यावर आपटवलं तेव्हा त्याची ११ तास ५५ मिनिटांची चक्कर अर्ध्या तासाहून थोडी जास्तच कमी झाली, आणि तरी ती जोडी सुटली नाही, फिरतेय अजून.